आधी बोलू द्या, मग लिहायला बसवा

संपादक महोदय, नमस्कार.

तुमच्या पेपरात मधूनमधून पत्रं येतात की आजकालच्या मुलांना चार ओळी धड लिहिता येत नाहीत, मोबाइलने वाट लावली, वाचन संपलं वगैरे. त्यावर लिहायचं कधीचं मनात होतं पण राहून जात होतं, आता माझ्याच घरात प्रकार घडला म्हणून बसले लिहायला. पत्र लांबलंय, काटछाट करायची तर खुशाल करा, फक्त कावळ्याची गोष्ट तेवढी ठेवा.

माझी मुलगी तिसरीत आहे. होमवर्क होता ‘माझा आवडता पक्षी’, दहा ओळी. बाईसाहेबांनी वही काढली, समास आखला, तारीख घातली, मधोमध शीर्षक लिहिलं, त्याच्याखाली दोन रंगांनी रेघ मारली. मग पेन्सिलीला टोक केलं. मग ते मोडलं म्हणून परत केलं. मग पाणी प्यायला उठली, मग बाथरूमला गेली, आणि पाऊण तासाने मी येऊन बघते तर शीर्षकाखाली पान कोरं करकरीत. म्हटलं काय झालं? म्हणाली काही सुचतच नाहीये. म्हटलं अगं मग विचार कर ना. म्हणाली, “केला.” मग? “संपला.”

मला हसूही आलं आणि रागही आला, आणि मग मी तेच केलं जे आपण सगळेच करतो. शेजारी बसले आणि सांगत सुटले, लिही, कावळा हा हुशार पक्षी आहे, त्याचा रंग काळा असतो, तो घाण साफ करतो, तो माणसाचा मित्र आहे. दहा मिनिटांत दहा ओळी, वही दप्तरात, विषय संपला.

रात्री दिवा बंद केल्यावर अंधारात हिचं सुरू झालं. आई, आपल्या खिडकीत तो कावळा येतो ना, तो एक पाय पोटात दुमडून बसतो, त्याला बहुतेक तो पाय जपून वापरायचा असेल, आणि तो आला की आधी मान वाकडी करून बघतो की खोलीत मी आहे की तू, तू असलीस की लगेच उडतो आणि मी असले तर थांबतो, आणि एकदा त्याने माझं खोडरबर नेलं, मग दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पेन्सिलीचा तुकडा ठेवला तर तो नाही नेला, म्हणजे त्याला रबरच पाहिजे होतं, पण कावळ्याला खोडायचं काय असतं? असं पंधरा मिनिटं चाललं होतं. आणि हिला म्हणे काही सुचत नव्हतं!

दोन दिवसांनी वही तपासून आली, खाली ‘छान’ असा शेरा. तो शेरा खरं तर मला मिळाला होता. तिच्या खोडरबरचोर कावळ्याला कुणीच काही शेरा दिला नाही.

तेव्हापासून मी या गोष्टीच्या मागे लागले. थोडं वाचलं, थोडं घरी करून बघितलं, आसपासची चार-पाच मुलं शनिवारी आमच्याकडे येतात त्यांच्यावरही प्रयोग केले (त्यांच्या आयांच्या परवानगीने, हो). आणि माझं ठाम मत असं झालंय की लहान मुलांना सुचत नाही हे साफ खोटं आहे. आपण त्यांना सुचायच्या आधीच पेन्सिल हातात देतो, घोळ तिथे आहे.

जरा तिच्या जागी बसून बघा. तिला एकाच वेळी काय काय करायचंय? अक्षर ओळीवर बसवायचंय, जोडाक्षर आठवायचंय, वेलांटी पहिली की दुसरी ते ठरवायचंय, वाक्य पूर्ण करायचंय, दहा ओळी झाल्या का ते मोजायचंय आणि या सगळ्यात वर काहीतरी ‘सुचवून’ घ्यायचंय. एकावेळी माणसाच्या डोक्यात फार थोड्या गोष्टी मावतात, जॉर्ज मिलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1956 साली तो आकडा 7 च्या आसपास सांगितला होता, पुढच्या संशोधकांनी तो 4 वर आणला, आणि हे सगळं मोठ्या माणसांचं. आठ वर्षांच्या मुलीची जागा वेलांटीनेच भरून जाते, कावळ्याने बसायचं कुठे? मोठ्यांना हे लक्षात येत नाही कारण आपला हात आपोआप चालतो, आपण ‘र्ष’ कसा काढायचा याचा विचार करत नाही. मुलं करतात. आणि बोलताना यातलं काहीच आड येत नाही म्हणून अंधारात, पांघरुणात, पेन्सिल नसताना सगळं भराभर बाहेर येतं.

कार्ल बेरायटर आणि मार्लीन स्कार्डामालिया या दोन संशोधकांनी मुलांच्या लिखाणावर बरंच काम केलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की लहान मूल लिहिताना विषय ऐकतं, त्यावर डोक्यात जे पहिलं येईल ते लिहितं, मग त्यावरून आठवेल ते दुसरं, आणि आठवायचं थांबलं की निबंध थांबला. आधी गोळा करू, मग निवडू, मग मांडू, हा प्रकारच त्यात नसतो. मला यातली सगळ्यात गंमत वाटली ती ही की मुलांना नुसतं ‘अजून लिही’ म्हटलं तरी ती बरंच जास्त लिहितात, म्हणजे आत माल असतो, मूल फक्त पहिल्या थांब्यावर उतरून जातं. दुसरं असं की लिहायच्या आधी त्या विषयात वापरता येतील असे नुसते सुटे सुटे शब्द आठवायला सांगितले तरी लिखाण वाढतं. वाक्यं नाही हं, नुसते शब्द. कावळ्यासाठी आमच्याकडे निघाले ते असे: मान, खिडकी, रबर, काव, चोर, एकटा, गज, चोच घासणे, पाऊस, ओले पंख. ही यादी घेऊन बसलेलं मूल आणि कोरं पान घेऊन बसलेलं मूल यांच्या चेहऱ्यातच फरक असतो.

आता यावर कोणी म्हणेल की अहो शाळेत ब्रेनस्टॉर्मिंग घेतात की. घेतात, मला माहितीये. मी एका वर्गात मागच्या बाकावर बसून बघितलंय, शाळा कुठली ते सोडा. फळ्यावर मधोमध गोल, त्यात ‘पावसाळा’, त्याला सहा रेघा आणि टोकाला सहा रिकामे गोल. बाई विचारतात सांगा मुलांनो पावसाळ्यात काय काय होतं, पुढच्या बाकावरचे तेच चार हात वर, ‘ढग येतात’, ‘वीज चमकते’, ‘छत्री लागते’, ‘बेडूक ओरडतात’, सहा गोल भरले, सगळ्यांनी वहीत उतरवून घ्या. आणि मग चाळीस वह्यांमध्ये चाळीस वेळा बेडूक ओरडतात. त्यातल्या किती मुलांनी बेडूक ऐकलाय कुणी विचारू नका. नंतर तर त्या गोलांचं वर्कशीट निघालं, त्यालाही मार्क, गोल रिकामा राहिला तर अर्धा मार्क कट. म्हणजे एक कोरं पान कमी होतं म्हणून आता सहा कोरे गोल.

आणि मजा बघा, ज्याने हा ब्रेनस्टॉर्मिंग प्रकार लोकप्रिय केला तो शिक्षक नव्हताच, अॅलेक्स ऑस्बॉर्न हा अमेरिकन जाहिरातवाला. त्याने नियम सांगितले ते चारच. त्या वेळेपुरती टीका करायची नाही, येडचाप कल्पना आली तरी चालेल उलट बरं, जितक्या जास्त तितकं चांगलं, आणि दुसऱ्याच्या कल्पनेला आपलं काहीतरी जोडायचं. यातला पहिला नियम आपण घरात आणि वर्गात पहिल्या मिनिटाला मोडतो. ‘असं कुठे असतं का’, ‘हे काय लिहायचं असतं होय’, ‘काहीतरी चांगलं सांग’. तीन वेळा असं ऐकलं की चौथ्या वेळी मूल तुमच्या चेहऱ्याकडे बघून बोलायला लागतं, तुम्हाला काय हवंय ते ओळखून. मग ते म्हणतं कावळा हुशार पक्षी आहे.

आणखी एक. 1958 साली येल विद्यापीठात तपासून बघितलं की चार माणसांनी एकत्र बसून कल्पना काढल्या तर जास्त निघतात की चौघांनी वेगवेगळं बसून काढल्या आणि नंतर एकत्र केल्या तर. वेगवेगळं बसलेल्यांच्या जास्त निघाल्या. ते प्रयोग मोठ्या माणसांवरचे आहेत पण वर्गात बसून मला तेच दिसलं, एक बोलतो तेव्हा बाकीचे स्वतःचं विसरतात किंवा म्हणतात की झालं की आता, सांगितलं त्याने. म्हणून मला वाटतं पहिली दोन मिनिटं प्रत्येकाने एकट्याने, मग शेजारच्याशी, आणि मग सगळ्या वर्गात. ही पद्धत काही माझी नाही, फ्रँक लायमन यांनी 1981 मध्ये मांडलेली आहे, आणि त्याला सामान काही लागत नाही, शेजारी एक मूल लागतं, ते वर्गात असतंच. शेजारच्याशी बोलताना लाजरी मुलंही बोलतात, हा फायदा तर मी शनिवारी दर वेळी बघते.

आणि वाट बघणं! मेरी बड रो या संशोधक बाईंनी सत्तरच्या दशकात वर्गांमधलं बोलणं टेप करून मोजलं होतं. शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी साधारण एक सेकंद थांबतात, मग दुसऱ्याला विचारतात नाहीतर स्वतःच सांगून टाकतात. तेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं तर मुलांची उत्तरं लांब होतात, ‘माहीत नाही’ कमी होतं आणि जी मुलं एरवी बोलत नाहीत ती बोलायला लागतात. मी घरी मनातल्या मनात मोजून बघितलं, एक, दोन, तीन, आणि खरं सांगते, तीन सेकंद गप्प बसणं हे आईसाठी भयंकर अवघड काम आहे. जीभ आतून ढकलत असते.

मी काय करते ते सांगते, यात शास्त्र किती आणि माझा स्वभाव किती ते तुम्हीच ठरवा.

विषय आला की पहिले आम्ही वही बंद करतो. अक्षरशः बंद, नजरेआड. मग ती बोलते आणि मी लिहिते. ती बोलेल तसंच, तिच्या शब्दात, माझ्या घाणेरड्या अक्षरात, चिटोऱ्यांवर. एका चिटोऱ्यावर एक गोष्ट. मी सुधारत नाही, ‘कावळ्याने माझं रबर ढापलं’ तर ढापलंच लिहायचं, ‘चोरले’ नाही. समोरासमोर बसून ‘हं, सांग’ म्हटलं तर तिची बोबडी वळते, ते तोंडी परीक्षेसारखं होतं, म्हणून दोघींच्या हाताला काहीतरी काम घेतो, कपड्यांच्या घड्या घालणं, मोज्यांच्या जोड्या लावणं, आणि डोळे दुसरीकडे असले की बोलणं आपोआप सुटतं. एका मुलाची आई सांगत होती की तिचा मुलगा फक्त चालताना बोलतो, तर ती मोबाइलवर रेकॉर्डर लावून त्याच्याबरोबर चक्कर मारते आणि घरी येऊन त्यालाच ऐकवते. स्वतःचा आवाज ऐकताना तो मध्येच ओरडतो, अरे हे राहिलं सांगायचं! म्हणजे दुसऱ्या खेपेचा माल आपोआप.

आता प्रश्न कसले विचारायचे, इथे खरी मेख आहे आणि इथे मी सगळ्यात जास्त चुकले. ‘पावसाळा तुला का आवडतो’ हा प्रश्न ऐकायला बरा वाटतो पण त्याचं उत्तर पाठ केलेलंच येतं. मुलांना ‘का’ जड जातं, ‘कधी’, ‘कुठे’, ‘मग काय झालं’ हे हलकं जातं. विषय जितका मोठा तितकं मूल गप्प. पावसाळा म्हणजे चार महिने, ते कुठून पकडायचे? ‘तू सगळ्यात जास्त भिजलीस तो दिवस कुठला’ म्हटलं की लगेच, आई तो दप्तर भिजलं होतं तो, आणि चित्रकलेच्या वहीतला रंग दुसऱ्या वह्यांना लागला होता आणि तू वह्या पंख्याखाली उघडून ठेवल्या होत्या आणि रात्रभर फडफड फडफड आवाज येत होता आणि मला वाटलं खोलीत पक्षी आलेत. हे एवढं एकाच प्रश्नावर! यातल्या पंख्याखालच्या वह्या कुठल्या गाईडमध्ये सापडतील सांगा.

‘माझी आई’ हा तर सदाबहार विषय. माझी आई खूप प्रेमळ आहे, ती सकाळी लवकर उठते, ती खूप कष्ट करते, मला माझी आई फार आवडते. सगळ्या आया एका साच्यातून काढल्यासारख्या. शनिवारच्या एका मुलाला मी विचारलं की आईला राग आलाय हे तुला कसं कळतं? लगेच म्हणाला, ती माझं पूर्ण नाव घेते, बाबांच्या नावासकट. दुसरी म्हणाली माझी आई काही बोलतच नाही, नुसती भांडी जोरात ठेवते. तिसरा म्हणाला माझी आई चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधते आणि आम्ही कुणी सांगत नाही. पाच मिनिटांत तीन वेगळ्या बायका खोलीत येऊन उभ्या राहिल्या. प्रेमळ तिघीही असतील, तो शब्द लिहायची गरजच पडली नाही.

मग मला एक सवयच लागली, काहीही विषय आला की विचारायचं, हे तुला कसं कळलं? तू ते कशावरून ओळखलंस? आवाज कसा होता, वास आला का, हाताला कसं लागलं? डोळ्यांनी बघितलेलं मुलं पटकन सांगतात पण वास आणि आवाज विचारले नाहीत तर सांगत नाहीत, आणि लिखाणाला रंग तिथूनच येतो.

एक कबुली द्यायची राहिली. बोलणं बोलणं म्हणून मी एवढा डंका पिटतेय पण काही मुलांना बोलण्यापेक्षा चित्र काढणं जास्त उपयोगी पडतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दुसरी-तिसरीच्या मुलांवर एक अभ्यास झाला होता, त्यात लिहायच्या आधी चित्र काढणाऱ्या मुलांनी नुसती चर्चा करणाऱ्या मुलांपेक्षा चांगलं लिहिलं. मला हे वाचून जरा धक्काच बसला होता, पण विचार केला तर पटतं. चित्र समोर राहतं, बोललेलं हवेत जातं. आणि चित्र काढताना मुलाला ठरवावंच लागतं की कावळा खिडकीच्या आत की बाहेर, गज किती, पाय एक की दोन. फक्त आपण तिथे जाऊन ‘आकाश निळं रंगव’ म्हणायचं नाही, ते चित्र प्रदर्शनात लावायचं नसतं, ते निबंधाचं कच्चं काम असतं. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी तर मी म्हणेन चित्रच पहिलं, मग त्या चित्रावर बोट ठेवून बोलणं, मग वाटलं तर दोन ओळी.

बरं, आता चिटोऱ्या जमल्या. कावळ्याच्या चौदा झाल्या होत्या (हो, पुढच्याच आठवड्यात मी तिला तो निबंध परत घरच्याघरी करू दिला, वहीसाठी नाही, आमच्यासाठी). चौदाच्या चौदा लिहायला घेतल्या तर मूल सहाव्यावर दमतं. म्हणून आम्ही जमिनीवर पसरतो आणि काढून टाकायचा खेळ खेळतो. कुठली नको? इथे मला वाटलं होतं की ती एकही काढू देणार नाही, पण मुलं आपल्यापेक्षा निर्दयी असतात. ‘काळा असतो’ ही पहिलीच बाहेर, म्हणाली हे काय सांगायचं, सगळ्यांना दिसतंच की! मी दहा मिनिटांत लिहून घेतलेल्या निबंधातली ती दुसरी ओळ होती, हे मी गप्प गिळलं. पाच उरल्या. मग आधी कुठली, नंतर कुठली असं सरकवून बघायचं. तिने रबराची चोरी सगळ्यात आधी ठेवली. मी म्हणणार होते की अगं आधी पक्ष्याची ओळख करून द्यायची असते, पण यावेळी तीन सेकंद मोजले आणि गप्प राहिले.

मग वही उघडली. बारा मिनिटं लागली लिहायला. शुद्धलेखनाच्या भरपूर चुका होत्या, त्या दुसऱ्या दिवशी बघितल्या, आणि शेवटचं वाक्य होतं, ‘कावळ्याला खोडायचे काय असेल ते मला अजून कळले नाही.’ गंमत म्हणजे लिहिताना तिने ‘कळलं’चं ‘कळले’ स्वतःच केलं, शाळेची भाषा तिला येते हो, त्याची एवढी काळजी करायला नको.

जमिनीवरच्या नको असलेल्या नऊ चिटोऱ्या आम्ही एका डब्यात टाकतो. त्यातल्या ‘ओले पंख’ला पुढे पावसाच्या निबंधात जागा मिळाली.

काही शंका लोक विचारतात त्याबद्दल. न झालेलं लिहिलं तर चालतं का, म्हणजे सहलीला वाघ दिसला नसताना दिसला म्हणून? माझ्या मते चालतं, मी फक्त विचारते की यातलं खरं कुठलं आणि तुझं कुठलं, आणि मुलं प्रामाणिकपणे सांगतात, त्यांना दोन्हीतला फरक चांगला माहीत असतो. जी मुलं थांबतच नाहीत त्यांचं काय? त्यांना तीनच चिटोऱ्या द्यायच्या, बास. आणि परीक्षेत कोण चिटोऱ्या पसरणार? कुणी नाही, पण घरी वीस-पंचवीस वेळा पसरल्या की परीक्षेत पानाच्या मागे पेन्सिलीने सहा शब्द खरडायची सवय लागते, आमच्या शनिवारच्या मोठ्या मुलांना लागलीये, एक मिनिट जातं.

आणि हल्ली ते मोबाइलला विचारलं की दहा पॉइंट्स तयार मिळतात, ते. मिळतात की, आणि चांगले असतात, माझ्यापेक्षा चांगले. पण मी तरी कुठे खोडरबर सांगू शकले होते? खिडकीत बसून कावळा बघितला तो तिने. तो ना मला माहीत होता ना मोबाइलला.

शिक्षकांना दोष देण्यासाठी हे पत्र नाही, चाळीस मुलं आणि पस्तीस मिनिटं यात बाईंनी काय काय करायचं हे मलाही कळतं. माझं मागणं छोटं आहे. निबंधाच्या तासाला पहिली दहा मिनिटं पेन्सिली बाकाखाली, नुसतं शेजारच्याशी बोलणं, वर्गात गोंगाट होईल तो होऊ द्या. आणि कच्च्या पानाला मार्क देऊ नका, लाल पेन तर अजिबात लावू नका. कच्च्या पानाला मार्क मिळायला लागले की मुलं त्याच्याआधी आणखी एक कच्चं पान करतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आता तुमच्याकडे एक मागणं, संपादक महोदय. तुमच्या मुलांच्या पानावर दर आठवड्याला एखादा निबंध छापून येतो, नीटनेटका, सुविचाराने संपणारा. तो वाचून आमच्या घरची मुलं म्हणतात बापरे, आपल्याला असं जमणार नाही, कारण त्यांना वाटतं की ते मूल बसलं आणि असंच्या असं लिहून मोकळं झालं. तर अधूनमधून त्या निबंधाच्या शेजारी त्या मुलाची कच्ची यादीपण छापा ना, चिटोऱ्या, खाडाखोड, तिरके बाण, चित्र, असेल तसं. काय काय सुचलं होतं आणि त्यातलं काय काय टाकून दिलं ते बाकीच्या मुलांना दिसू दे. सुरुवातीला कुणी पाठवलं नाही तर आमच्या नऊ चिटोऱ्या आहेत डब्यात, मुलीला विचारलंय, ती द्यायला तयार आहे, फक्त परत हव्यात म्हणाली. आणि छापाल तेव्हा ‘ढापलं’ तसंच ठेवा, तुमच्या मुद्रितशोधकांना सांगून ठेवा.

आपली,
एक आई आणि नियमित वाचक